जुना फ्लॅट नवा करताना आधी काय तोडायचं नाही?

कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, बिबवेवाडी. पुण्याच्या या भागांतल्या ऐंशीच्या दशकातल्या सोसायट्यांत मी गेली बरीच वर्षं दुरुस्तीची कामं करते. बाहेरून इमारतींचे रंग वेगळे असतील, पण आत गेलं की तेच दिसतं. दहा बाय दहा इंची मोझॅक फरशी, कडप्प्याचा ओटा आणि त्याखाली दारं नसलेले कप्पे. हॉलमध्ये काचेची शोकेस, लोखंडी खिडक्या, स्वयंपाकघरात छातीपर्यंत पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, आणि बाथरूममध्ये चार फुटांपर्यंत पांढऱ्या सहा इंची टाइल्स.

पहिल्या फोनवर दहातले नऊ जण म्हणतात, "ताई, सगळं काढून टाका, एकदाच काय ते होऊन जाऊ दे." दुरुस्तीच्या खर्चातलं सगळ्यांत महाग वाक्य हेच. एक फरशी फोडली की आधी फोडायची मजुरी, मग राडारोडा गोण्यांत भरून जिन्यावरून खाली न्यायची मजुरी (या इमारतींना बहुधा लिफ्ट नसते), मग टेम्पो, मग नवा माल, नवा माल वर चढवायची मजुरी आणि शेवटी बसवायची मजुरी. एवढं होईस्तोवर खालच्यांच्या छताचा गिलावा पडलेला असतो, तो वेगळाच. म्हणून मी यादी करते ती काय तोडायचं नाही याची. ती पुरी झाली की कामाचा खर्च आपोआप अर्ध्याजवळ येतो.

त्याच्याही आधी एक प्रश्न: सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाणार आहे का? सेक्रेटरीला थेट विचारा, मागच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मागून वाचा. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढची असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं, असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत आहे. तो अहवालही बघा. बिल्डरशी बोलणी सुरू असतील तर भिंतीत आणि जमिनीत पैसा गाडू नका. पंखे, दिवे, सुटं फर्निचर, पडदे, रंग एवढ्यावर भागवा, कारण रंग सोडला तर ते सगळं उचलून दुसरीकडे नेता येतं. वायरिंग मात्र इमारत दोन वर्षांत पाडली जाणार असली तरी धोक्याचं असेल तर बदलाच.

आधी वायर, मग शोभा

मीटरच्या पाटीवर अजून चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आहेत का बघा. भिंतीवर लाकडी पट्टी ठोकून त्यावरून वायर फिरवली आहे का? दोन पिनांची सॉकेट्स किती? त्या काळी घरात चार दिवे, तीन पंखे, एक फ्रिज आणि एक टीव्ही चालायचा. आज त्याच वायरीवर गीझर, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन आणि एसी चढवलाय.

लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटरची, १६ अँपिअरच्या पॉइंटला २.५ ची, आणि गीझर-एसीला स्वतंत्र ४ ची तांब्याची वायर टाकून घ्या. फ्यूजच्या जागी एमसीबी, आणि त्यांच्यासोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. शॉक लागला तर वीज तोडतो तो हा आरसीसीबी. एमसीबीचं काम वायर जळू न देणं. दोन्ही लागतात, आणि अर्थिंग तपासल्याशिवाय दोन्हींचा भरवसा अर्धवटच. एसी वाढवणार असाल तर महावितरणकडे मंजूर भार वाढवायचा अर्जही करा.

खर्च वाचवायचा तर सगळ्या भिंतींना झिऱ्या (वायर आत बसवायच्या खाचा) मारू नका. पीव्हीसीची केसिंग पट्टी स्कर्टिंगच्या वरून आणि दारांच्या चौकटीलगत नेली, कपाटामागून फिरवली, आणि भिंतीच्याच रंगात रंगवली की पाहुण्यांना दिसतही नाही. झिरी पाडायची ती फक्त हॉलच्या दर्शनी भिंतीला. माल तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, स्वतः आणा. इलेक्ट्रिशियनकडून यादी लिहून घ्यायची, दोन दुकानांत भाव काढायचा, आणि वायरीच्या बंडलावर आयएसआयचा शिक्का बघायचा.

पंखे बदलणार असाल तर बीएलडीसी घ्या. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, हा ३० च्या आसपास.

मोझॅक फोडू नका

आता माझा आवडता विषय. गेल्या वर्षी एरंडवण्यातल्या एका दोन खोल्यांच्या घरी गेले. काकांनी फरशीच्या दुकानातून दोन बाय दोन फुटांच्या पांढऱ्या टाइलचा नमुनासुद्धा आणून ठेवला होता. काकूंची इच्छा अशी की घर "उजळ" दिसावं. मी कपाट पुढे ओढायला लावलं. कपाटाखालची फरशी चाळीस वर्षं पाय न लागल्यामुळे पिवळट पांढरी, त्यात काळे आणि विटकरी खडे, एकही चीर नाही. बाहेरची फरशी तीच, फक्त फिनाइल आणि फडक्याच्या थरांखाली दबलेली. काकू वाकून बघत म्हणाल्या, "अगं बाई, ही अशी होती होय!"

मोझॅक म्हणजे सिमेंटात संगमरवराचे खडे. वरून घासलं की खालचा ताजा थर वर येतो, त्यामुळे ही फरशी पुन्हापुन्हा नवी करता येते. व्हिट्रिफाइड टाइलला ती सोय नाही. काम असं होतं:

फुटलेल्या फरश्या आधी बदलायच्या. तशीच फरशी बाजारात मिळत नाही, म्हणून कपाटाखालच्या, दिवाणाखालच्या अखंड फरश्या जपून उचलून दारात नि वाटेत बसवायच्या, आणि कपाटाखाली जी मिळेल ती घालायची. मग बारीक भोकं आणि सांधे पांढऱ्या सिमेंटात जुळता रंग कालवून भरायचे आणि ते दोन-तीन दिवस घट्ट होऊ द्यायचे. इथे पॉलिशवाला घाई करतो. त्याला दुसऱ्या साइटवर जायचं असतं. ओला भराव मशीनखाली उपटून निघतो, तेव्हा त्याला परत पाठवायला लाजू नका. मग मशीनचे हात: आधी जाड दगड, मग मधला, मग बारीक, आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर टाकून चकाकी. कोपऱ्यांत आणि स्कर्टिंगला मोठं मशीन पोचत नाही, तिथे हातमशीन. भाव ठरवतानाच "कोपरे धरून" असं म्हणा, नाहीतर सगळी खोली चकचकीत आणि चारी कडांना चार बोटांची मळकट पट्टी राहते.

घासताना पांढरा चिखल निघतो. तो नहाणीत (पाणी जायच्या भोकात) ओतू देऊ नका. त्यात सिमेंट आहे; पाइपच्या वळणात बसला की तिथेच दगड होतो. वायपरने ओढून घमेल्यात, घमेल्यातून गोणीत. मी कामाच्या दिवशी सगळ्या नहाण्यांच्या जाळ्यांवर प्लास्टिक बांधून वर वीट ठेवते, कारण नुसतं सांगून कोणी ऐकत नाही.

पॉलिश झाल्यावर या फरशीला ॲसिड, व्हिनेगर, संडास साफ करायचं लिक्विड यांतलं काहीही लावायचं नाही. संगमरवर आम्लाने झिजतो आणि चकाकी डागाडागांनी जाते. साधं पाणी आणि थोडा सौम्य साबण पुरे.

फरशी खरोखरच गेली असेल, म्हणजे चालताना हलत असेल, अर्ध्याहून जास्त पोकळ वाजत असेल किंवा घट्ट असूनही पॉलिशने सुधारणार नसेल, तरच टाइलचा विचार करा. हलणारी, पोकळ फरशी आधी काढावी लागते; घट्ट असेल तर जुन्यावरच टाइल ॲडेसिव्हने नवी बसवता येते. त्याने जमीन सुमारे अर्धा इंच वर येते, दारं खालून तासावी लागतात, बाथरूमचा उंबरा आणि बाल्कनीची पन्हळही तपासावी लागते. वाळू-सिमेंटचा जाड थर घालून जुन्यावर नवी फरशी बसवायला मात्र मी कधीच हो म्हणत नाही. स्लॅबवर तेवढं ओझं उगाच कशाला?

ओटा आणि त्याखालचे कप्पे

मॉड्युलर किचनवाल्यांचं पहिलं वाक्य असतं, "हा कडप्पा काढावा लागेल." नाही लागत. ओट्याखालच्या उभ्या-आडव्या कडप्प्याच्या फळ्या पाण्याने फुगत नाहीत, वाळवी लागत नाही, पन्नास किलोचं तांदळाचं पोतं पेलतात. सिंकखाली प्लायचं कपाट किती वर्षांत फुगतं हे ज्याने पाहिलंय तो कडप्पा काढणार नाही.

काकूंच्या स्वयंपाकघरात आम्ही फक्त पुढून दारं लावली. प्रत्येक कप्प्याचं माप वर, मधे आणि खाली असं तीन ठिकाणी घेतलं, कारण या घरांतलं काहीच गुण्यात (काटकोनात) नसतं. एका कप्प्याला वर-खाली पाऊण इंचाचा फरक होता. ॲल्युमिनियमची चौकट भिंतीला आणि ओट्याच्या खालच्या कडेला पक्की केली, त्यावर दारं टांगली. दोन कप्प्यांत भांड्यांसाठी स्टीलच्या ट्रॉल्या बसवल्या. कडप्प्याला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा आणि सावकाश पाडायचं. हा दगड थरांचा आहे, ठोका बसला की पदर सुटून चकती उडते. सुताराला हे माहीत असतंच असं नाही. त्याचा हात प्लायला सरावलेला.

लाकडी दारं हवी असतील तर प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन घ्या. आयएस ३०३ चा साधा प्लाय बेडरूममध्ये चालेल, ओट्याखाली नाही. टिंबर मार्केटमध्ये शिक्का बघून, उलटा करून, कडा बघून घ्यायचा.

वरचा दगड फारच खड्डे पडलेला असेल तर त्यावरच ग्रॅनाइट बसवा. ओटा दीडेक इंच वर येतो आणि ते बहुतेकांना सोयीचंच पडतं, कारण जुने ओटे तीस इंचांच्या आसपास असतात. उभं राहून कोपर वाकवा. ओटा कोपरापासून चार ते सहा इंच खाली हवा. काकू पाच फुटांच्या. त्या म्हणाल्या, "मला हाच बरा, माझी उंची नका वाढवू या वयात." तिथे ग्रॅनाइटचे पैसे वाचले.

भिंतीवरचा ऑइलपेंट हा खरा वैताग. त्यावर टाइल चिकटत नाही, पुट्टीही टिकत नाही. रंग पूर्ण खरवडून, छिन्नीने ठोके मारून खडबडीत करावं लागतं. म्हणून अख्ख्या भिंतीच्या नादी लागू नका. ओट्यापासून वर दोन फूट, जिथे फोडणी उडते, तेवढ्यालाच टाइल्स. बाकीचा घट्ट असलेला ऑइलपेंट पॉलिश पेपरने घासून, धुऊन, त्यावर पुन्हा ऑइलपेंटच द्या.

आणि ओट्यावर उजेड. या स्वयंपाकघरांत एकच ट्यूब असते, तीही पाठीमागच्या भिंतीवर. चिरताना स्वतःची सावली भाजीवर पडते. माळ्याच्या खालच्या कडेला एक एलईडी पट्टी लावली तर स्वयंपाकघर निम्मं बदललेलं वाटतं. ट्रॉल्यांच्या आधी हे करा. गॅसचा पाइप हलवायचा असेल तर गॅस कंपनीचाच माणूस बोलवा, प्लंबर नव्हे.

खिडक्या

लोखंडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या लावायची साथच आलीय. सरकती खिडकी दोन रुळांची असते, म्हणजे कितीही उघडली तरी अर्धीच उघडते. लोखंडी झडप पूर्ण उघडते. एप्रिल-मेमध्ये हा फरक कळतो. चौकट खालून कुजली नसेल तर ठेवा: गंज तारेच्या ब्रशने काढायचा, रेडऑक्साइडचा एक हात, ऑइलपेंटचे दोन, काचेभोवतीची सुटलेली लांबी (काच पक्की धरणारी पुट्टी) नव्याने भरायची, आणि आतून काढता-घालता येणारी मच्छरजाळी. चौकटीत बोट घातलं की पापुद्रे निघत असतील, तर मात्र काढा.

भिंती आणि रंग

ओल असेल तर रंगाचं नाव काढू नका. ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून एक-दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेतला दमटपणा आहे, तिथे खिडकी उघडी ठेवणं हाच उपाय. बाहेरच्या भिंतीतून, गच्चीतून, सामाईक पाइपातून येणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. वरच्या मजल्यावरच्या संडास-बाथरूमची त्या सभासदाने. हे आदर्श उपविधींत स्पष्ट आहे, तेव्हा स्वतःच्या पैशाने आतून वॉटरप्रूफ रंग फासण्याआधी लेखी अर्ज द्या.

भिंतीवर ओला हात फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली तर खाली डिस्टेंपर आहे. त्यावरच पुट्टी ओढली तर पहिल्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. रंगारी म्हणेल, "ताई, चालतंय." चालत नाही. पाणी मारून, पत्र्याने खरवडून, मग प्रायमर, पुट्टी, पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात. मजुरीचे जास्त पैसे या खरवडण्याचे असतात आणि ते द्यावेत.

क्षेत्रफळ स्वतः काढा. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट: चार भिंतींची लांबी ४४ फूट, म्हणजे ४४० चौरस फूट. त्यातून सात बाय तीनचं दार २१ आणि चार बाय चारची खिडकी १६ वजा, उरले ४०३. छताचे १२० मिळवा, ५२३ झाले. दार-खिडकी वजा होणार की नाही हे भाव ठरवतानाच विचारा. ब्रासचा हिशोब सांगितला तर घाबरू नका. क्षेत्रफळात एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट.

फॉल्स सीलिंग या उंचीत करू नये असं माझं मत. खोली बसकी होते, पंखा डोक्यावर येतो, आणि वर पालींचं संमेलन भरतं. त्यापेक्षा छताला पांढराशुभ्र आणि भिंतींना फिकट रंग द्या. दिवाणाजवळ जिथे डोकी टेकतात तिथे धुता येणारा इमल्शन वापरा. तेलाचे डाग आपल्या घरात पडणारच.

दारांवर थरांवर थर ऑइलपेंट असतो. एक कोपरा ब्लेडने खरवडून बघा. चौकटी बऱ्याचदा सागवानी निघतात. तसं असेल तर रंग काढून लाखेचं पॉलिश करा. शोकेसचंही तेच: काचा काढा, खालची कपाटं ठेवा, वरच्या फळ्यांवर पुस्तकं. जुन्या पितळी मुठी हव्या असतील तर रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात फेरी मारा, नव्या मालासाठी बोहरी आळी.

बाथरूम

इथे काटकसरीची एकच अट: खाली गळत नसेल तर फोडू नका. नाण्याने टाइल्स वाजवा, पोकळ वाजणाऱ्या तेवढ्या बदला. सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा, नळ बदला, आरसा मोठा लावा, एक्झॉस्ट बसवा. जुन्या लोखंडी पाइपांतून तांबडं पाणी येत असेल तर ते बंद करून बाहेरून सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) पाइप नेता येतात.

गळत असेल तर अर्धवट काहीच करू नका. जुन्यावर टाइल बसवून गळती थांबत नाही, फक्त लपते. खालच्या स्लॅबपर्यंत काढून, वॉटरप्रूफिंग करून, टाइल बसवण्याआधी ४८ तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्यांना छत बघायला सांगायचं. खालच्यांशी संबंध बिघडलेले असतील तर ते आधी दुरुस्त करा, हे कामाचाच भाग आहे. जमिनीला एक बाय एक फुटाच्या खरखरीत टाइल्स. मोठ्या टाइलला नहाणीकडे उतार देता येत नाही. उतार बादलीभर पाणी ओतून बघायचा, मिस्त्रीच्या शब्दावर नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर धरायचा दांडा टाइल्स लावतानाच ठरवा, म्हणजे त्या जागी भिंत पक्की करून घेता येते.

माणसं, पैसे, क्रम

भिंत पाडायची असेल तर, ती कितीही फालतू दिसली तरी, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सोसायटीची लेखी परवानगी. नऊ इंची भिंतीला आणि बीम-कॉलमला हात लावायचाच नाही.

क्रम असा ठेवा: वायरिंग, नळ, बाथरूम, भिंतीची दुरुस्ती आणि पुट्टी, रंगाचा पहिला हात, फरशीचं पॉलिश, दारं-ट्रॉल्या, आणि अगदी शेवटी रंगाचा दुसरा हात. पॉलिशचे शिंतोडे भिंतीवर उडतातच, म्हणून तो हात राखून ठेवायचा. दिवाळीआधी रंगारी मिळत नाही आणि मिळाला तर भाव चढा असतो. पावसात भिंत वाळत नाही. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ उत्तम. आमच्याकडे सुतार बहुतेक राजस्थानचे, रंगारी उत्तर प्रदेश-बिहारचे. होळीला, छटपूजेला ते गावी जातात आणि परतायची तारीख पक्की नसते. काम त्याआधी आटपेल असं बघा.

भाव ठरवताना कागदावर लिहून घ्या: माल कोणाचा, राडारोडा कोण उचलणार आणि कुठे टाकणार (नदीकाठी टाकला तर महापालिका दंड करते), साफसफाई कोणाची. पैसे टप्प्याने द्या आणि दहावा हिस्सा काम संपल्यावर आठवडाभर हातात ठेवा. त्या आठवड्यात प्रत्येक नळ, प्रत्येक बटण, प्रत्येक ट्रॉली वापरून बघा.

उरलेल्या टाइल्सपैकी चार-पाच माळ्यावर टाका, भंगारवाल्याला देऊ नका. रंगाच्या डब्याच्या झाकणावर शेडचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. एसीवाला भिंतीला भलत्याच जागी भोक पाडून जाईल, तेव्हा तोच शेड शोधायची वेळ येते.